बालतस्करी आणि महापालिकेची नोंदवही

मार्च २०२२ मध्ये नागपूर पोलिसांनी उघडकीस आणलेले एक प्रकरण अनेकांच्या स्मरणात असेल. सरोगसीतून झालेले मूल असल्याचे भासवून एक नवजात बालिका हैदराबादच्या अपत्यहीन दाम्पत्याला सात लाख रुपयांना विकण्यात आली, असा आरोप त्यात होता. अटक झालेल्यांमध्ये एका डॉक्टरचाही समावेश होता. त्याच वर्षी शहरात अर्भकविक्रीची आणखीही प्रकरणे समोर आली. या खटल्यांचा निवाडा न्यायालयात होईल. येथे विचार करावयाचा आहे तो एका निराळ्या मुद्द्याचा. विकले जाणारे बाळ कोणत्या तरी रुग्णालयात जन्मते. त्या रुग्णालयाला चालविण्याची परवानगी कोणी तरी दिलेली असते आणि बाळाच्या जन्माचा दाखलाही कोणी तरी देणार असते. नागपूर शहरात ही दोन्ही कामे महानगरपालिकेकडे आहेत. बालतस्करीची चर्चा मात्र पोलिस, न्यायालय आणि स्वयंसेवी संस्था यांच्यापाशीच थांबते आणि महापालिकेचे नाव त्यात क्वचितच घेतले जाते.

तस्करी या शब्दाने होणारी गल्लत प्रथम दूर करावयास हवी. मूल पळवून नेणे हा तस्करीचा केवळ एक प्रकार होय. संयुक्त राष्ट्रांच्या २००० सालच्या पालेर्मो मसुद्यानुसार शोषणाच्या हेतूने मुलाची भरती करणे, त्याला एका जागेहून दुसरीकडे नेणे, आश्रय देणे किंवा स्वीकारणे ही तस्करीच ठरते. मग त्यासाठी बळजबरी वा फसवणूक झालेली नसली तरी. भारताने या मसुद्याला २०११ मध्ये मान्यता दिली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये एका मुलाच्या तस्करीसाठी किमान दहा वर्षांची आणि एकाहून अधिक मुलांच्या तस्करीसाठी किमान चौदा वर्षांची शिक्षा सांगितली आहे. दोन्ही गुन्ह्यांत ती जन्मठेपेपर्यंत वाढू शकते. याच कलमानुसार पोलिस अधिकारी किंवा अन्य लोकसेवक तस्करीत सामील असल्यास त्याला उर्वरित आयुष्यभर कारावास भोगावा लागतो. महापालिकेचा कर्मचारी हाही लोकसेवक असतो, हे येथे ध्यानात ठेवावे.

शहरातील सक्करदरा हा भाग उदाहरणादाखल घेऊ. भोसल्यांच्या राजवाड्यामुळे आणि तलावामुळे ओळखला जाणारा हा परिसर आज दाट वस्तीचा आहे. एकीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे नागपूरकरांचे ‘मेडिकल’, दुसरीकडे उमरेड मार्गाची वर्दळ, मध्ये बुधवार बाजार आणि ताजुद्दीन बाबांच्या भक्तांना परिचित असलेला छोटा ताजबाग. हा भाग गुन्हेगारीचा अड्डा आहे, असे मुळीच सुचवावयाचे नाही. अशा कोणत्याही सर्वसाधारण शहरी वस्तीत मुलाच्या आयुष्याला महापालिकेचा हात किती ठिकाणी लागतो, एवढेच पाहावयाचे आहे. जन्माची नोंद, लसीकरण, शाळेचा पट, बाजारातील ओटा, परवाना, निवारा केंद्र, कचरा गोळा करणारी गाडी या साऱ्या ठिकाणी महापालिका मुलाला पाहते, किंवा तिने पाहणे अपेक्षित असते. पोलिसांचा संबंध बहुधा सर्वांत शेवटी येतो.

जन्मनोंदणी आणि शुश्रूषागृहे

मुद्दा सर्वाधिक ठोस आहे तो जन्माच्या बाबतीत. जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार रुग्णालयात झालेल्या जन्माची माहिती देण्याची जबाबदारी रुग्णालयाच्या प्रभारी व्यक्तीवर असते आणि ती २१ दिवसांच्या आत द्यावयाची असते. विलंब तीस दिवसांपलीकडे गेला की वरिष्ठांची परवानगी लागते. एका वर्षापलीकडे गेला की दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा मानला जातो. म्हणजे या कागदाचे मोल पूर्वीपेक्षा कितीतरी वाढले आहे. मूल विकत घेणाऱ्याला मुलाइतकीच या कागदाचीही गरज असते.

असा व्यवहार करणारे हे पुरते जाणून असतात. जन्मदात्री स्त्रीला खरेदीदार स्त्रीच्या नावाने दाखल केले की पुढचा प्रत्येक कागद आपोआप ‘खरा’ होतो. प्रसूती खरी, रुग्णालय खरे, शिक्का खरा. खोटे असते ते केवळ आईचे नाव. ही लबाडी नोंदणी कारकुनाच्या खिडकीवर उघडकीस येणे कठीण आहे, परंतु अशक्य नाही. गरोदरपणात स्त्रीची नोंद आरोग्य केंद्रात वा खासगी दवाखान्यात झालेली असते आणि तिच्याकडे माता-बालक संरक्षण कार्ड असते. प्रसूतीच्या अहवालासोबत त्या नोंदीचा क्रमांक मागितला आणि नाव व वय जुळते का हे पाहिले, तर संशयाला जागा असलेली मोजकी प्रकरणे वेगळी काढता येतील. परराज्यातील कायमचा पत्ता, गरोदरपणाची एकही नोंद नसणे, शहरात राहूनही घरीच प्रसूती झाल्याचा दावा, एकाच शुश्रूषागृहाकडून वारंवार येणाऱ्या अशा नोंदी यांपैकी एकेक गोष्ट निर्दोष असू शकते. स्थलांतरित मजुराच्या पत्नीकडेही कार्ड नसते, म्हणून नोंद नाकारणे हा उपाय होऊ शकत नाही. नोंद करावी, दाखला द्यावा आणि दोन-तीन खुणा एकत्र दिसल्यास आरोग्य कर्मचाऱ्याने त्या घरी एकदा जाऊन यावे. बाळ आणि बाळंतीण घरी आहेत की नाहीत, हे पाहण्यास पोलिसांची गरज नसते. आशा सेविका तशीही बाळंतिणीच्या घरी जात असतेच.

दुसरे साधन म्हणजे शुश्रूषागृहांची नोंदणी. महाराष्ट्र शुश्रूषागृहे नोंदणी अधिनियम, १९४९ नुसार शहरातील खासगी प्रसूतिगृहांची नोंदणी, तपासणी आणि प्रसंगी नोंदणी रद्द करणे हे अधिकार महानगरपालिकेचे आहेत. नूतनीकरणाच्या वेळी अग्निशमन, जैववैद्यकीय कचरा, खाटांची संख्या यांची तपासणी होते आणि ती आवश्यकच आहे. त्याच तपासणीत प्रसूती नोंदवही आणि जन्मनोंदणीकडे पाठविलेले अहवाल एकमेकांशी ताडून पाहण्यास फार तर एक दिवस अधिक लागेल. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ८१ मध्ये मुलाची खरेदी-विक्री करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंतचा सश्रम कारावास व एक लाख रुपये दंड आहे. रुग्णालय, शुश्रूषागृह किंवा प्रसूतिगृहातील कर्मचाऱ्याने हा गुन्हा केल्यास शिक्षा किमान तीन व कमाल सात वर्षे अशी वाढते. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०२५ रोजी उत्तर प्रदेशातील बालतस्करीच्या प्रकरणात याही पुढे जाऊन सांगितले की, रुग्णालयातून नवजात बालकाची तस्करी झाल्यास अन्य कारवाईच्या आधी त्या रुग्णालयाचा परवाना निलंबित करावा. बालतस्करीचे खटले सहा महिन्यांत निकाली काढण्याचे निर्देशही त्याच निकालात आहेत. मात्र निलंबनाचा आदेश प्रत्यक्षात काढणार कोण? मोठ्या शहरांतील खासगी प्रसूतिगृहांपुरते उत्तर स्पष्ट आहे: महापालिकेचा आरोग्य विभाग.

या विषयाला आणखी एक बाजू आहे आणि ती कायद्याच्या कलमांपेक्षा नाजूक आहे. मूल विकले जाते तेव्हा त्यामागे बहुधा एक घाबरलेली स्त्री असते. ती अविवाहित असते, नवऱ्याने टाकलेली असते, नाही तर घरी आधीच चार तोंडे पोसत असते. गर्भपाताची कायदेशीर मुदत टळून गेलेली असते. मूल सांभाळणे शक्य नसल्यास ते बालकल्याण समितीपुढे कायदेशीररीत्या सोपविता येते, नाव गुप्त राहते आणि निर्णय बदलण्यासाठी साठ दिवसांचा अवधी मिळतो, हे तिला कोणी सांगितलेलेच नसते. दलाल नेमका या अज्ञानावर जगतो. दुसऱ्या टोकाला दत्तकासाठी केंद्रीय संस्थेकडे नाव नोंदवून वर्षानुवर्षे प्रतीक्षा करणारी दाम्पत्ये असतात. त्यांना ‘लवकर मिळवून देतो’ म्हणणारा भेटतो. कायदेशीर मार्ग सोडून मूल दिले वा घेतले तर कलम ८० खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, याची त्यांना कल्पना असते किंवा नसते. महापालिकेच्या दवाखान्यांतील बाळंतपणपूर्व तपासणीच्या खोलीत मराठी व हिंदीत लावलेला एक साधा फलक आणि तो वाचून दाखविणारी परिचारिका यांचे मोल अशा वेळी छाप्याइतकेच ठरेल.

शाळेचा पट

शिक्षण हक्क अधिनियम, २००९ चे कलम ९ आपल्याकडे फारसे वाचले जात नाही. त्यानुसार आपल्या क्षेत्रातील चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांची नोंद ठेवणे आणि स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळेल याची खात्री करणे ही स्थानिक प्राधिकरणाची कर्तव्ये आहेत. महाराष्ट्रात ४ जुलै २०१५ रोजी एका दिवसात शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण झाले होते. त्याच्या आकड्यांवर पुष्कळ वाद झाला. एका दिवसात घरोघर फिरून सापडणारी मुले ही घर असलेली मुले असतात, हा त्यातील मूळ दोष होता. तस्करी झालेले मूल घरात नसते. ते भोजनालयाच्या भटारखान्यात असते, कारखान्याच्या पोटमाळ्यावर असते, किंवा दुसऱ्याच्या घरी ‘गावाकडची नातेवाईक’ म्हणून भांडी घासत असते.

म्हणून सर्वेक्षणापेक्षा गळतीकडे लक्ष देणे अधिक उपयुक्त ठरते. पटावरील मूल सलग काही दिवस येत नसेल तर शिक्षकाने चौकशी करावी, ही अपेक्षा जुनीच आहे. बहुतेक शिक्षक ती करतातही. अडचण पुढे येते. कुटुंब खोली सोडून गेले, असे शेजाऱ्यांनी सांगितले की शेरा लिहिला जातो आणि प्रकरण संपते. कुटुंब गेले की केवळ मूल गेले, हा फरक त्या शेऱ्यात उमटत नाही. आई-बाप येथेच आणि बारा वर्षांची मुलगी मात्र ‘मावशीकडे’, अशी नोंद झाली तर ती झोन कार्यालयामार्फत जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे जावयास हवी. बेपत्ता मुलांच्या प्रत्येक तक्रारीवर गुन्हा नोंदविला जावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा मे २०१३ चा आदेश आहे. चार महिन्यांत मुलाचा शोध न लागल्यास तपास मानवी तस्करी विरोधी पथकाकडे सोपविण्याची पद्धतही आहे. मात्र ज्याच्या बेपत्ता होण्याची तक्रारच होत नाही, त्या मुलासाठी शाळेचा पट हाच एकमेव साक्षीदार उरतो.

बाजार, चौक आणि वस्ती

चौदा वर्षांखालील मुलाला कोणत्याही व्यवसायात कामावर ठेवण्यास २०१६ च्या दुरुस्तीने बंदी घातली आहे. कुटुंबाच्या व्यवसायातील मदतीची सवलत तेवढी आहे आणि ती पळवाट म्हणून सर्रास वापरली जाते. चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोकादायक कामे निषिद्ध आहेत. अंमलबजावणी कामगार विभागाकडे असल्याने महापालिका हात झटकते. परंतु बाजारातील ओटे व गाळे महापालिकेचे, मांसविक्री व अन्य व्यवसायांचे परवाने तिचे आणि रोज सकाळी दुकानापुढे उभा राहणारा स्वच्छता कर्मचारीही तिचाच. फिलिपिन्सच्या २००३ च्या तस्करीविरोधी कायद्याने स्थानिक स्वराज्य संस्थांवर आपल्या हद्दीतील तस्करीच्या घटनांची नोंद ठेवण्याची आणि कायदा मोडणाऱ्या आस्थापनांचे परवाने रद्द करण्याची जबाबदारी टाकली आहे. आपल्याकडे इतक्या स्पष्ट शब्दांत तरतूद नाही. तरीही परवान्याच्या किंवा गाळ्याच्या करारनाम्याच्या अटींत बालमजुरी आढळल्यास तो रद्द होईल, असे कलम घालण्यास नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. गाळेधारकाला दंडापेक्षा गाळा जाण्याचे भय अधिक असते, हे बाजार विभागातील कोणीही सांगेल. रस्त्यावर थुंकणाऱ्याला आणि कचरा टाकणाऱ्याला पकडणारे उपद्रव शोध पथक नागपूर महापालिकेकडे आहे. भटारखान्यात काम करणारे मूल त्या पथकाला दिसत नसेल, असे मानणे कठीण आहे.

चौकांत भीक मागणाऱ्या मुलांबाबत शहराने एक अनुभव घेतला आहे. मार्च २०२३ मध्ये जी-२० निमित्त परदेशी पाहुणे येण्याच्या सुमारास पोलिस आयुक्तांनी सार्वजनिक जागी भीक मागण्यास मनाई केली. चौक काही काळ मोकळे झाले. बाल न्याय अधिनियमाच्या दृष्टीने भीक मागणारे मूल हे काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल असते. त्याच्याकडून भीक मागून घेणारा गुन्हेगार असतो आणि कलम ७६ नुसार त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. चौक रिकामा करणे आणि मुलाला शोषणातून सोडविणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसऱ्यासाठी निवारा लागतो, समुपदेशक लागतो आणि कडेवरचे बाळ खरोखर त्या बाईचेच आहे का, हे शांतपणे तपासणारा कर्मचारी लागतो.

हीच गोष्ट इतवारीच्या गंगा-जमुना वस्तीची. ऑगस्ट २०२१ मध्ये पोलिसांनी ही वस्ती बंद केली. अल्पवयीन मुलींना तेथे आणून विकले जाते, हे त्यासाठी सांगितलेल्या कारणांपैकी एक होते. त्या निर्णयाच्या बाजूने आणि विरोधात पुष्कळ बोलले गेले. मात्र तेथील महिलांच्या मुलांची शाळा, शिधापत्रिका, जन्मदाखले यांचे काय, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला. मुलाच्या नावावर कागद नसेल आणि आईला राहण्याची जागा नसेल, तर पुढच्या पिढीसाठी दलालाचे काम सोपे होते.

घाईचा धोका

दक्षता वाढली की चूकही वाढू शकते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. ३० मे २०२३ रोजी बिहारहून दानापूर-पुणे एक्स्प्रेसने सांगलीकडे निघालेल्या ५९ मुलांना भुसावळ आणि मनमाड स्थानकांवर उतरवून घेण्यात आले. तस्करीचा गुन्हा नोंदला गेला, सोबतच्या पाच जणांना अटक झाली आणि मुले बालगृहांत ठेवली गेली. मदरशात शिक्षणासाठी ही मुले निघाली होती, असे पुढे निष्पन्न झाले आणि मार्च २०२४ मध्ये गैरसमजातून गुन्हा नोंदला गेल्याचे सांगून प्रकरण बंद करण्यात आले. मधल्या काळात पाच जणांचा तुरुंगवास घडून गेला होता आणि मुलांना घरापासून दूर परक्या ठिकाणी राहावे लागले होते. गरीब आणि अनोळखी दिसणाऱ्या मुलांचा प्रत्येक गट संशयित मानणारी यंत्रणा शेवटी स्वतःची विश्वासार्हता गमावते. मुलांच्या गावच्या पंचायतीशी त्याच दिवशी संपर्क साधून पालकांची खातरजमा करण्याची सोय असती तर बरेच टळले असते. खातरजमेचे हे काम स्थानिक स्वराज्य संस्थेइतके चांगले दुसरे कोणी करू शकत नाही, कारण गावात कोणाचे मूल कोठे गेले हे सरपंचाला आणि अंगणवाडी सेविकेला ठाऊक असते.

ग्रामपंचायतीचा विषय येथेच जोडून येतो. नागपुरात पोहोचणारे मूल कोठल्या तरी गावातून निघालेले असते. ते गाव विदर्भातील असेल, छत्तीसगडमधील असेल किंवा बिहारमधील. लग्न लावून देण्याच्या बहाण्याने परप्रांतात नेऊन मुलींना विकल्याच्या तक्रारी विदर्भात वेळोवेळी नोंदल्या गेल्या आहेत. ग्रामीण महाराष्ट्रात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवकालाच नेमलेले आहे. हंगामी स्थलांतराच्या वेळी कोणते कुटुंब कोणत्या मुकादमाबरोबर कोठे गेले आणि मुले सोबत नेली की मागे ठेवली, एवढी नोंद पंचायतीने ठेवली तरी शोधाचा पहिला धागा हाती लागतो.

समिती, निधी आणि रिकाम्या खुर्च्या

यांतील बहुतेक गोष्टींसाठी यंत्रणा कागदावर आहे. केंद्राच्या २००९ च्या एकात्मिक बाल संरक्षण योजनेत प्रत्येक प्रभागात लोकप्रतिनिधीच्या अध्यक्षतेखाली बाल संरक्षण समिती असावी, असे म्हटले होते. २०२२ मधील मिशन वात्सल्यच्या मार्गदर्शक सूचनांनीही स्थानिक संस्थांवर ही जबाबदारी ठेवली आहे. नेमक्या त्याच वर्षी, मार्च २०२२ मध्ये नागपूर महापालिकेची मुदत संपली. निवडणुका लांबल्या आणि दीर्घकाळ प्रशासकाचा कारभार राहिला. नगरसेवकच नसतील तर त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीची बैठक कोण बोलाविणार? तसे पाहता नगरसेवक असतानाही या समित्यांची चर्चा सभागृहात फारशी होत नसे. रस्ता, नाली आणि पाणी यांवर मते मिळतात. ज्या मुलांचे पालक मतदारच नाहीत, त्यांच्यावर मिळत नाहीत.

निधीचे कारण पुढे केले जाते, तेही पूर्णपणे पटणारे नाही. महापालिकांनी अंदाजपत्रकातील पाच टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवावी, हे राज्य शासनाचे जुने धोरण आहे. ही रक्कम शिवणयंत्रे आणि मेळावे यांवर खर्च होण्याची परंपराही तितकीच जुनी आहे. जन्मनोंदणी, शुश्रूषागृहे, शाळा आणि बाजार या चार विभागांच्या नोंदी एकत्र पाहणारा एक अधिकारी प्रत्येक झोनमध्ये नेमावयाचा झाल्यास त्याचा खर्च या तरतुदीत सहज बसेल. त्याचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक झोन कार्यालयाच्या दर्शनी भागात लावलेला असावा. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ३२ नुसार पालकांपासून दुरावलेले मूल आढळल्यास चोवीस तासांच्या आत कळविणे बंधनकारक आहे आणि न कळविणे हा कलम ३३ खाली गुन्हा आहे. हा नियम सर्वांना लागू आहे. सफाई कामगार, बाजार निरीक्षक, शिक्षक यांना तो एकदा नीट समजावून सांगितला पाहिजे. नागरिकांसाठी १०९८ हा चाइल्डलाइनचा क्रमांक कायम आहे. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली ही सेवा २०२३ पासून शासकीय यंत्रणेमार्फत चालविली जाते आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडलेली आहे.

सुटका झालेल्या मुलाचे पुढे काय होते, याची दखल वृत्तपत्रेही क्वचितच घेतात. बालकल्याण समितीच्या आदेशाने मूल घरी परतते. पण ज्या दारिद्र्यामुळे ते बाहेर पडले, ते तसेच असते. राज्याच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत पात्र मुलासाठी दरमहा २,२५० रुपये मिळतात. त्यासाठीचे अर्ज, रहिवासी दाखला, बँक खाते ही धावपळ अशिक्षित पालकाला झेपत नाही. शाळेच्या बाबतीत कायदा उदार आहे. कलम ४ नुसार वयानुरूप वर्गात प्रवेश आणि विशेष प्रशिक्षणाचा हक्क आहे, आणि दाखला मिळण्यास उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. दोन वर्षे भांडी घासून आलेली तेरा वर्षांची मुलगी सातवीच्या बाकावर बसते तेव्हा तिला वाचता येत नाही आणि महिनाभरात ती शाळा सोडते. तिच्यासाठी स्वतंत्र शिक्षक देणे आणि दर आठवड्याला तिची हजेरी पाहणे हे काम महापालिकेच्या शिक्षण विभागाचे आहे.